रात्रीची मेजवानी आणि व्यापाऱ्याचा शब्द

परदेशात माल दाखवायला जाणाऱ्या आपल्या बंधूंना पासपोर्ट कसा काढावा, नमुने कसे न्यावेत, बँकेचे कागद कसे तयार करावेत, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तेथे पोहोचल्यावर पहिल्याच रात्री तीन-चार तासांची जी औपचारिक मेजवानी असते, ती जडावलेल्या डोळ्यांनी कशी निभावून न्यावी, हे कोणी सांगत नाही. विषय किरकोळ वाटतो. मला मात्र तो दोन कंटेनरच्या नफ्याइतका महाग पडला. म्हणूनच आज तो व्यापाराच्या पानावर मांडत आहे.

घडले ते असे

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात दर जानेवारीत हाइमटेक्सटिल नावाची घरगुती कापडाची जत्रा भरते. चादरी, टॉवेल, पडदे, गालिचे यांचा जगातील मोठा बाजार तेथे चार दिवस लागतो. १९७१ पासून ही जत्रा भरत आली आहे. आपल्याकडून सोलापूर, करूर, पानिपत येथील मंडळी तेथे जातात. २०१९ च्या जानेवारीत सोलापूरच्या एका कारखानदार स्नेह्याबरोबर मीही गेलो. माल त्यांच्या मागावरचा, आंघोळीचे टॉवेल. भाव ठरवणे आणि निर्यातीचा व्यवहार पाहणे हे काम माझे.

कारंजाहून मूर्तिजापूरपर्यंत जीप, तेथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, मग मुंबईत दिवसभर नमुन्यांची बांधाबांध आणि मध्यरात्रीनंतरचे विमान. एक रात्र रेल्वेत गेली, दुसरी विमानात. सकाळी उतरलो तो थेट जत्रेत. दिवसभर उभे राहून माल दाखवला. संध्याकाळी एका खरेदीदार कंपनीने जेवायला बोलावले. नाही म्हणायचे धाडस झाले नाही. सहा महिने पत्रव्यवहार करून मिळवलेले गिऱ्हाईक होते.

जेवण साडेसात वाजता सुरू झाले. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले होते. सूप आले, मग गप्पा. मासळी आली, मग भाषण. गोड पदार्थ येईपर्यंत तेथे दहा वाजले, म्हणजे कारंजात रात्रीचे अडीच. माझे डोळे उघडे होते, पण कान बंद झाले होते. शेजारी बसलेले खरेदी अधिकारी हळू आवाजात काही विचारत होते आणि मी मान हलवून ‘येस, येस’ म्हणत होतो. माझी शाळा उर्दू माध्यमाची. इंग्रजी मी बाजारात शिकलो. जागा असतो तेव्हा ती पुरते, झोपेत पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ई-मेल आला. काल रात्री ठरल्याप्रमाणे दोन कंटेनर माल, भाव आम्ही दिलेलाच, परंतु सीआयएफ हॅम्बुर्ग. आमचा भाव एफओबीचा होता.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. एफओबी म्हणजे माल आपल्या बंदरात, समजा न्हावाशेवाला, जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विकणाऱ्याची. पुढचे भाडे खरेदीदाराचे. सीआयएफ म्हणजे खरेदीदाराच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे आणि विमा हे दोन्ही विकणाऱ्याने भरायचे. या संज्ञांचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्ये प्रथम छापले आणि वेळोवेळी सुधारले. अलीकडची सुधारणा २०२० ची आहे. तीन अक्षरांचा फरक दिसतो, पण टॉवेलसारख्या कमी नफ्याच्या मालात या तीन अक्षरांत सगळा नफा वाहून जातो.

कागदावर सही झालेली नव्हती. मी म्हणू शकलो असतो की माझा असा अर्थ नव्हता. माझ्या स्नेह्यांनीही तेच सुचवले. पण त्या माणसाने विचारले होते आणि मी होय म्हटले होते. तो खोटे बोलत नव्हता. टेबलावरच्या आणखी दोघांनी ते ऐकले होते. मी माल त्याच अटीवर पाठवला. चूक माझी होती, म्हणून स्नेह्यांच्या कारखान्याला त्यांचा ठरलेला भाव पूर्ण दिला आणि भाडे व विमा माझ्या गल्ल्यातून भरला. त्या वर्षी दुकानाचा वरचा मजला बांधायचा होता, तो राहिला.

झोप कोठे जाते?

नशीब खोटे, असे म्हणून गप्प बसणे सोपे होते. पण कारण समजून घेतले तर पुढच्याला उपयोग होतो. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यात पेशींचा एक छोटासा पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते घड्याळ लावले जाते. पेशींच्या आतील घड्याळ कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखे एका क्षणात फिरवता येत नाही. ढोबळ मानाने ते दिवसाला एक तास सरकते. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे शरीर तेथे रुळायला चार-पाच दिवस हवेत. जत्रा चारच दिवसांची. म्हणजे अंगवळणी पडायच्या आत परतीचे विमान! पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, सावधपणाही तेव्हा सर्वांत कमी असतो. तेथील मेजवानी रात्री अकराला संपते, तेव्हा आपल्या शरीराचे साडेतीन वाजलेले असतात. जो माणूस घरी पहाटे साडेतीनला कोणाशी भाव ठरवणार नाही, तो तेथे कोट-टाय घालून नेमके तेच करत असतो.

मोठ्यांचीही तीच गत

हे फक्त आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्यांचेच होते असे नाही. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) बारा दिवसांच्या आशिया दौऱ्यावर होते. दौरा व्यापाराचाच, अमेरिकी मोटार कंपन्यांचे प्रमुख त्यांच्याबरोबर होते. ८ जानेवारीला दुपारी ते जपानच्या सम्राटांबरोबर टेनिस खेळले आणि रात्री पंतप्रधान मियाझावा यांच्या मेजवानीला गेले. पाहुण्यांच्या रांगेत उभे असतानाच त्यांना बरे वाटत नव्हते, तरी ते टेबलावर येऊन बसले. जेवण चालू असताना त्यांना उलटी झाली आणि ते यजमानांच्या बाजूला कोसळले. डॉक्टरांनी पोटाचा विकार असल्याचे सांगितले आणि लवकरच ते बरे झाले. पण सारा दौरा जगाच्या स्मरणात राहिला तो त्या एका जेवणामुळे. मोटारींबद्दल काय बोलणे झाले, ते आज कोणाला विचारले तर सांगता येणार नाही.

तबियत ठीक नसेल तर अदबीने माफी मागून खोलीवर जाणे यात कमीपणा नाही. बसून राहण्यातच कधी कधी जास्त नुकसान असते.

दीनची शिकवण

प्रवासाला हदीसमध्ये यातनेचा एक हिस्सा म्हटले आहे, कारण तो माणसाचे खाणे, पिणे आणि झोप हिरावून घेतो. आणि काम झाले की लवकर घरी परतावे, अशी ताकीद दिली आहे. ह. अबू हुरैरा (र.) यांनी सांगितलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उंटाच्या प्रवासासाठी सांगितलेली ही गोष्ट विमानाच्या प्रवासालाही तितकीच लागू आहे.

ह. सलमान फारसी (र.) हे ह. अबू दरदा (र.) यांच्याकडे पाहुणे गेले, तेव्हा अबू दरदा (र.) रात्रभर इबादतीत उभे राहू पाहत होते. सलमान (र.) यांनी त्यांना झोपायला लावले आणि समजावले की रबचा हक्क आहे तसा आपल्या शरीराचा व घरच्यांचाही हक्क आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान (र.) यांचे म्हणणे खरे ठरवले. इबादतीसाठीसुद्धा शरीराचा हक्क मारायचा नसेल, तर एका ऑर्डरसाठी तो मारणे कितपत योग्य?

आता सौद्याविषयी. आपल्याकडील बहुसंख्य लोक हनफी फिकह मानतात. त्यानुसार एकाने प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने कबूल केला, की सौदा बांधला गेला. बैठक संपेपर्यंत मागे फिरण्याची मोकळीक राहत नाही. शाफई मतानुसार दोघे वेगळे होईपर्यंत ती मोकळीक असते. म्हणजे हनफी व्यापाऱ्याने तर जीभ अधिकच सांभाळावी. मात्र शरियतने एक दार उघडे ठेवले आहे, त्याला खियार-ए-शर्त म्हणतात. सौदा करतानाच ‘मला तीन दिवसांची मुदत द्या, त्यात मी पक्के करीन किंवा सोडीन’ अशी अट घालता येते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी ही मुदत जास्तीत जास्त तीन दिवसांची सांगितली आहे, त्यांच्या दोन शिष्यांनी ठरवून दिलेली जास्त मुदतही मान्य केली आहे. मी त्या रात्री एवढेच म्हणालो असतो की ‘उद्या लेखी कळवतो’, तर दोन कंटेनरचा नफा वाचला असता. मदरशात वाचलेली गोष्ट टेबलावर आठवली नाही.

निभावून न्यावे कसे?

पहिली गोष्ट, शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा. हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचवणे ही खोटी बचत आहे. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस, पश्चिमेकडे जायचे असेल तर रोज थोडे उशिरा झोपा, पूर्वेकडे जायचे असेल तर थोडे लवकर. पूर्वेकडचा फरक शरीराला जास्त जड जातो.

दुसरी गोष्ट, उतरल्यावर खोलीत अंधार करून दिवसभर पडून राहू नका. बाहेर उजेडात चाला. जानेवारीच्या सुरुवातीला फ्रँकफर्टला सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो, म्हणून जो थोडा उजेड आहे तो घ्या. विमानातील हवा फार कोरडी असते, पाणी भरपूर प्या.

तिसरी गोष्ट, कैलूला. दुपारची छोटी झोप ही आपल्याकडे सुन्नत मानली जाते. मेजवानीच्या दिवशी ती औषधासारखी आहे. वीस मिनिटे पुरेत, गजर लावून झोपा. तासभर झोपलात तर उठल्यावर डोके आणखी जड होते. जेवणाला निघण्याच्या अर्धा तास आधी एक छोटी कॉफी घ्यावी. पण जेवणानंतर पुन्हा घेऊ नये. कॉफीचा निम्मा असर पाच तासांनंतरही अंगात असतो, मग खोलीवर गेल्यावर झोप लागत नाही.

चौथी गोष्ट, नमाज. तेथे हिवाळ्यात इशाची वेळ साधारण साडेसहानंतर होते. म्हणजे साडेसातच्या जेवणापूर्वी इशा अदा करता येते. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर हनफी मतानुसार कसर आहेच. थंड पाण्याने वुजू केल्याने झोपही उडते आणि टेबलावर बसताना मनावर ओझे राहत नाही. उन्हाळ्यात मात्र तेथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा यजमानांना आधीच सांगून ठेवावे.

पाचवी गोष्ट, खाणे. दोन दिवस आधी लेखी कळवा की डुकराचे मांस आणि दारू चालत नाही, मासळी किंवा शाकाहारी चालेल. दारू फक्त प्याल्यात नसते, रश्शात आणि गोड पदार्थांतही असते. पुडिंगमधील जिलेटिन बहुधा डुकराचे असते. हे अगोदर कळवले तर ते लोक मनापासून व्यवस्था करतात. ऐन वेळी सांगितले तर त्यांची आणि आपली दोघांची पंचाईत. पोटभर जेवू नका. पोट जड झाले की पापण्या जड होतात. काटे-चमचे बाहेरच्या बाजूने उचलायचे आणि खाऊन झाले की सुरी-काटा ताटलीत शेजारी शेजारी ठेवायचा, एवढे आले तरी काम भागते.

सहावी गोष्ट, बोला. गप्प बसणाऱ्याला झोप आधी गाठते. समोरच्याला त्याच्या शहराबद्दल विचारा. आपल्या वऱ्हाडातील काळी माती, कापूस, सोयाबीनने कापसाची जागा कशी घेतली, हे सांगा. त्यांना ते ऐकायला आवडते. आणि मध्येच उठून दोन मिनिटे बाहेरच्या गार हवेत जाऊन या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळ कशी बदलावी, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रात्री दहाला जेवण आणि गोळी आपल्याकडच्या वेळेवर, असे झाले तर धोका आहे. झोपेच्या गोळ्याही कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

मेजवानीऐवजी दुपारचे जेवण

इतके सगळे करण्यापेक्षा एक सोपा मार्ग आहे, तो मला उशिरा सुचला. यजमानांना आपणच म्हणावे की रात्रीऐवजी दुपारी जेवू. फ्रँकफर्टला दुपारी साडेबाराला आपल्या शरीराचे पाच वाजलेले असतात. डोके ताजे असते. दुपारच्या जेवणात दारू बहुधा कमी असते आणि सगळ्यांना कामावर परतायचे असल्याने ते तासाभरात आटोपते. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तेथे बसण्याबद्दल हदीसमध्ये सक्त मनाई आहे, हे आपण जाणतो. आपापल्या आलिमांना विचारून वागावे. पण दुपारच्या जेवणाने हा प्रश्नही बराचसा सुटतो.

न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी हिवाळ्यात सकाळचा नाश्ता मागून घ्यावा. तेथील सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. तेथील रात्रीचे आठ मात्र आपले पहाटेचे साडेसहा, म्हणजे सारी रात्र जागून काढल्यासारखे. चीनमध्ये यीवू किंवा ग्वांगझू येथे उलटे आहे. तेथील घड्याळ अडीच तास पुढे, म्हणून रात्रीचे जेवण सोपे आणि सकाळची आठची बैठक कठीण. दोन्ही शहरांत मुसलमानांची हलाल हॉटेले आहेत. पाटीवर ‘चिंगझन’ अशी चिनी अक्षरे असतात. यजमानांना तेथेच जेवू या म्हणावे. दुबईचा फरक दीड तासांचाच, तेथे झोपेची सबब चालणार नाही!

आपण यजमान असू तेव्हा

हीच गोष्ट आपल्या घरी उलटी लागू होते. परदेशी खरेदीदार आला की आपण त्याला रात्री दहाला बिर्याणीवर बसवतो आणि सकाळी आठला कारखान्यात उभा करतो. हिवाळ्यात आपले सकाळचे आठ म्हणजे जर्मन माणसाचे पहाटेचे साडेतीन. त्याला आपला माल दिसत नसतो, फक्त उशी दिसत असते. आणि अशा वेळी त्याच्या तोंडून होय काढून घेतला, तर तो सौदा कायद्याने पक्का असेल, पण त्यात बरकत कोठून येणार?

कुरआनमध्ये सूरह अहजाबच्या ५३ व्या आयतीत श्रद्धावंतांना शिकवण दिली आहे की जेवायला बोलावले तर जा, पण जेवण झाले की निघा, गप्पांत रमून बसू नका, कारण प्रेषितांना (स.) त्याचा त्रास होत असे आणि ते संकोचाने बोलत नसत. पाहुण्याने उठायचे केव्हा, हे ज्या दीनने शिकवले, त्याच्या अनुयायांनी यजमान म्हणून पाहुण्याला केव्हा सोडायचे, हेही ओळखावे.

फ्रँकफर्ट दूर वाटत असेल तर सुरत घ्या. वाशिम, रिसोड, मंगरूळपीरचे कितीतरी दुकानदार साड्यांच्या खरेदीला रात्रभर प्रवास करून सुरतला उतरतात, दिवसभर बाजार फिरतात आणि संध्याकाळी व्यापाऱ्याच्या मेजवानीत उधारीची मुदत व घेण्याचे नग कबूल करून बसतात. घरी आल्यावर गाठोडे सोडले की डोळे उघडतात. विमान लागत नाही, जागरण पुरते.

म्हणून माझा एकच नियम आता ठरलेला आहे आणि तो मी दुकानातील मुलांनाही घालून दिला आहे. जेवणाच्या टेबलावर जेवायचे, हसायचे, ओळख वाढवायची. भाव, मुदत, अट यांपैकी काही निघाले तर म्हणायचे, ‘इन्शाअल्लाह, उद्या सकाळी लेखी कळवतो.’ त्या जर्मन कंपनीशी माझा व्यवहार पुढेही झाला. दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी त्या अधिकाऱ्यांना मी हेच वाक्य ऐकवले. ते म्हणाले, त्यांनाही तसेच आवडते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या सफरीत सलामती आणि व्यापारात बरकत देवो. आमीन.